‘गो’च्या पुढे टी आली की काय होते? केंद्रप्रमुख आणि इंग्रजीच्या साधनव्यक्तींना खुले पत्र

प्रति,
राज्यातील केंद्रप्रमुख, इंग्रजीचे विषय साधनव्यक्ती आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमधील विषयतज्ज्ञ

विषय : इयत्ता तिसरीच्या इंग्रजी वाचनात उघडे आणि बंद सिलॅबल शिकवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

अक्षरांचे आवाज नीट शिकलेली तिसरीतली मुले कॅट, बेड, पिन, हॉट, कप हे शब्द बिनचूक वाचतात. आवाजांवरून वाचायला शिकवण्याचे प्रशिक्षण शाळांपर्यंत पोहोचले, त्याचे हे फळ. घोडे अडते ते पुढच्या पायरीवर. ‘म्युझिक’ समोर आला की मूल ‘मसिक’ वाचते. ‘टायगर’चा ‘टिगर’ होतो, ‘पेपर’चा ‘पॅपर’, ‘पायलट’चा ‘पिलॉट’. आय म्हणजे इ आणि यू म्हणजे अ एवढेच त्याला सांगितलेले असते, आणि ते इमानाने तेवढेच वापरते. मग शिक्षक म्हणतात, हा शब्द पाठच कर. ‘एम-यू-एस-आय-सी म्युझिक, म्युझिक म्हणजे संगीत’ हा जुना गजर पुन्हा वर्गात घुमू लागतो. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. इतक्या वर्षांनीही दोन टाळ्यांच्या, म्हणजे बोलताना दोन तुकडे (सिलॅबल) पडणाऱ्या, शब्दाशी आपण घोकंपट्टीवरच येऊन थांबतो, हे बरे नाही.

येत्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, दीड तास या एका गोष्टीला द्यावा, अशी आमची विनंती आहे. तो कशासाठी आणि कसा, ते पुढे सविस्तर मांडतो. स्पेलिंग जिथे दाखवायचे आहे तिथे ते वर्गात म्हणतो तसे, अक्षरांच्या नावांनी लिहिले आहे.

मराठीत स्वराचा आवाज त्याच्या खुणेतच असतो. ‘कि’ आणि ‘की’ वाचताना पुढचे अक्षर बघावे लागत नाही. इंग्रजीत स्वराचे अक्षर तेच राहते आणि त्याचा आवाज पुढे काय येते त्यावर ठरतो. जी-ओ म्हणजे ‘गो’. पुढे टी आली की ‘गॉट’. एम-ई म्हणजे ‘मी’; पुढे टी आली की ‘मेट’. एच-आय म्हणजे ‘हाय’, एच-आय-टी म्हणजे ‘हिट’. तुकड्याच्या शेवटी स्वराचे दार उघडे राहिले तर तो आपले नाव सांगतो : ए, ई, आय, ओ, यू. व्यंजनाने दार लावले तर त्याच क्रमाने ॲ, ए, इ, ऑ, अ असा आखूड आवाज निघतो. पहिला उघडा सिलॅबल, दुसरा बंद. मुलांशी बोलताना ‘उघडा तुकडा’ आणि ‘बंद तुकडा’ म्हटले तरी काम भागते.

प्रशिक्षणात हे पाच मिनिटांत सांगून होते, आणि बिघडते ते तिथेच. वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी जी पद्धत उभी केली, तिच्या परंपरेत सिलॅबलचे सहा प्रकार शिकवतात. उघडा आणि बंद हे त्यांतले दोन. त्या मुलांना इंग्रजी बोलता येत होते, वाचता येत नव्हते. आज इंटरनेटवरून उतरवल्या जाणाऱ्या वर्कशीटही इंग्रजी घरात बोलणाऱ्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. आपल्या मुलांच्या कानाच्या आणि तोंडाच्या अडचणी निराळ्या आहेत, आणि त्या मराठीतून आलेल्या आहेत. शिक्षकांना आधी त्या कळायला हव्यात.

सगळ्यात मोठी अडचण आपल्याच ऱ्हस्व-दीर्घाची. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आठवा. एकाक्षरी शब्दातले इकार-उकार दीर्घ : मी, ती, तू, धू. इथवर इंग्रजीशी जुळते. ‘मी’, ‘शी’, ‘वी’ हे इंग्रजी शब्दही उघडे आणि लांबच. पण मराठीत शेवटच्या अकाराआधीचे इकार-उकारही दीर्घ असतात : वीट, तीन, फूल, गरीब. म्हणजे उच्चारात तुकडा व्यंजनाने बंद झाला की आपला स्वर लांबतो. प्रत्यय लागून तोच तुकडा उघडला की स्वर आखडतो : विटेला, फुलाला, गरिबाला. इंग्रजीची चाल नेमकी उलटी. म्हणून एस-आय-टी ला मूल ‘सीट’ म्हणते, एफ-आय-एल-एल ला ‘फील’, एस-एच-आय-पी ला ‘शीप’. ते मातृभाषेचा पक्का नियम पाळत असते. ‘नीट वाच’ असे दहा वेळा सांगून तो नियम हलत नाही. सिट–सीट, फिल–फील, शिप–शीप अशा जोड्या रोज दोन मिनिटे ऐकवाव्यात. मुलांनी आखूड ऐकू आला तर मूठ मिटायची, लांब आला तर हात लांब करायचा. वाचायला लावण्याआधी आठवडाभर फक्त ऐकणे.

दुसरी अडचण ‘ए’ची. ‘बेड’मधला बंद ई आणि ‘पेपर’मधला उघडा ए हे इंग्रजीत दोन स्वतंत्र आवाज आहेत, मराठी कानाला दोन्ही ‘ए’च. परीक्षेची टेस्ट आणि जेवणाची टेस्ट आपण सारखीच म्हणतो, लिहायचे पेन आणि दुखण्याचे पेनही. वर्णमालेत पहिला म्हणून धडा ए पासून सुरू केला तर पहिल्याच दिवशी हा गोंधळ अंगावर येतो. आमच्या मते क्रम असा असावा : ई, ओ, आय, यू, आणि सगळ्यात शेवटी ए.

ई पहिला, कारण त्याच्याकडे एका टाळीचे खरे उघडे शब्द भरपूर आहेत : मी, ही, वी, बी, शी. ‘मी’ आणि ‘मेट’ यांतला फरकही कोणाच्या कानातून निसटत नाही. ओ कडे गो, नो, सो आहेत. आय कडे ‘हाय’ आणि खुद्द ‘आय’ सोडले तर रोजचे काही नाही, पण शेवटी वाय असलेले माय, बाय, फ्लाय, स्काय, ट्राय हे त्याच आवाजाचे. ते इथेच घ्यावेत. यू चा एका टाळीचा ‘फ्लू’ सोडला तर शोधावे लागते, आणि ए चा नियमात बसणारा कामाचा एकही शब्द नाही (‘स्पा’ आहे, पण तो ‘आ’ म्हणतो). म्हणून हे दोन स्वर दोन टाळ्यांच्या शब्दांतूनच शिकवावे लागतात : म्यू-झिक, स्टू-डंट, पे-पर, बे-बी, ले-डी.

तिसरी अडचण मुलांची नाही, आपली आहे. आपण व्यंजनाचा आवाज ‘ट’, ‘प’, ‘ड’ असा अ मिसळून सांगतो. ‘गॉ’ला असा ‘ट’ जोडला की ‘गॉटअ’ होते. शेवटी पुन्हा स्वरच उभा राहतो आणि दार लागतच नाही. आवाज पाय मोडून सांगायचा, ट्, प्, ड्, आणि जीभ किंवा ओठ तिथल्या तिथे थांबवायचे. परिषदेत प्रत्येक शिक्षकाकडून हे पाच व्यंजनांवर मोठ्याने करून घ्यावे. वाचून कळणारी ही गोष्ट नाही.

आता साहित्य. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. पट्टी २० सेंमी लांब, ७ सेंमी रुंद. डाव्या १४ सेंमीवर जी-ओ, उजव्या ६ सेंमीवर टी, सगळी अक्षरे छोट्या लिपीत आणि ठळक; स्वर लाल, व्यंजने काळी. उजवा भाग मागे दुमडला की ‘गो’ दिसते, पुढे आणला की ‘गॉट’. एक खबरदारी : दुमडलेली पट्टी म्हणजे ‘बंद’ असे मुले हमखास समजतात, आणि इथे दुमडल्यावरच तर तुकडा उघडा होतो. म्हणून ‘दुमडा’, ‘उलगडा’ हे शब्दच वापरू नयेत. ‘शेवटी कोण उभे आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. स्वर असेल तर तो नाव सांगतो.

दोन मुलांत दहा पट्ट्या पुरतात. ई साठी मी–मेट, ही–हेन, वी–वेट, बी–बेड, शी–शेड. ओ साठी गो–गॉट, नो–नॉट, सो–सॉब. आय साठी हाय–हिट, हाय–हिम. एकाच वेळी सगळ्या देऊ नयेत. पहिल्या आठवड्यात फक्त ई च्या, दुसऱ्यात ओ च्या, आणि तिसऱ्यात तिन्ही स्वर मिसळून. मिसळल्याशिवाय शिकणे झाले की नाही ते कळत नाही, कारण एकाच स्वराच्या पट्ट्या मूल अंदाजाने वाचून जाते. रोज पंधरा मिनिटे : दोन मिनिटे ऐकणे, पाच मिनिटे पट्ट्या, पाच मिनिटे पाटीवर श्रुतलेखन, उरलेल्या वेळात ओळीतला एखादा शब्द शोधणे. श्रुतलेखन टाळू नये. ‘शी’ ऐकून मुलाने डबल ई लिहिली तर आवाज त्याला कळला आहे, फक्त हा शब्द एका ई चा आहे हे सांगायचे. एस-एच-आय लिहिले तर मात्र पुन्हा पट्टीकडे यायचे.

टी-ओ, डी-ओ आणि डब्ल्यू-एच-ओ हे शब्द उघडे असूनही ‘टू’, ‘डू’, ‘हू’ म्हणतात. ते भिंतीवरच्या पाहून-ओळखायच्या शब्दांत जावेत. त्यांच्यामुळे ‘इंग्रजीत नियमच नसतात’ असे मुलांसमोर म्हणू नये. शिक्षकांच्या तोंडी हे वाक्य फार सहज येते आणि मुले ते लगेच उचलतात.

एका टाळीचे शब्द पक्के झाले की दोन टाळ्यांकडे. इथे मराठी आपली बाजू घेते. रस्ता, दप्तर, पुस्तक यांवर टाळ्या वाजवायला सांगा : रस्-ता, दप्-तर, पुस्-तक. जोडाक्षराच्या मधूनच कापायचे हे मुलाचा कान आधीपासून जाणतो. इंग्रजीतला पहिला विभागणीचा नियमही हाच : दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजने असतील तर त्यांच्या मधून कापा. नॅप-किन, सिग-नल, डॉक-टर, हेल-मेट, पिक-निक.

घोटाळा होतो तो टाळ्या अक्षरांवर वाजवल्याने. ‘पुस्तक’ लिहिताना अक्षरे तीन, पण टाळ्या दोन. ‘हेल्मेट’ फळ्यावर देवनागरीत लिहिला की डोळा हे-ल्मे-ट असा कापतो आणि तुकड्याची हद्दच चुकते. देवनागरीत लिहायचेच असेल तर पाय मोडून, हेल्-मेट असे लिहावे. त्याहून बरे म्हणजे लिहूच नये. हनुवटीखाली पालथा हात धरून शब्द म्हटला की जितक्या वेळा हनुवटी खाली येते तितके तुकडे, ही खूण बिनचूक चालते. फक्त मूल ‘इस्कूल’ किंवा ‘फिलिम’ म्हणत असेल तर एकाच्या दोन टाळ्या होतील. तिथे आधी उच्चार, मग मोजणी.

कागदावर कापण्याच्या पायऱ्या चार. स्वरांखाली ठिपके द्या. दोन ठिपक्यांच्या मधली व्यंजने मोजा. दोन असतील तर मधून कापा. एकच असेल तर त्याच्या आधी कापा, म्हणजे पहिला तुकडा उघडा राहील, आणि वाचून बघा : रो-बॉट, म्यू-झिक, टाय-गर, पाय-लट. कानाला ओळखीचा शब्द लागला तर झाले. नाही लागला तर कापण्याची रेघ व्यंजनाच्या पुढे सरकवा, तुकडा बंद करा, आणि पुन्हा वाचा : ‘ली-मन’ नव्हे, लेम-न, ‘सी-व्हन’ नव्हे, सेव्ह-न, ‘रायव्हर’ नव्हे, रिव्ह-र, ‘केबिन’ नव्हे, कॅब-इन. सी-के, एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच या जोड्या एकच आवाज देतात, त्या फोडायच्या नाहीत : रॉक-एट, टिक-एट, क्रिक-एट, डॉल-फिन.

एका व्यंजनाची ही पायरी नियम म्हणून शिकवू नका, ‘पहिला प्रयत्न’ म्हणून शिकवा. अमेरिकेत डेविन कर्न्स यांनी २०२० साली शालेय वाचनातल्या हजारो शब्दांवर ही विभागणी तपासली. दोन व्यंजनांमधून कापण्याची रीत भरवशाची निघाली; एका व्यंजनाची बरीच कच्ची, लांब शब्दांत तर विशेषच. म्हणून सरकवून पुन्हा वाचण्याची सवय हाच या धड्याचा खरा ऐवज आहे. जे मूल पहिला प्रयत्न फसल्यावर रेघ स्वतः सरकवते, त्याला वाचता येऊ लागले असे समजावे.

पण ‘कानाला ओळखीचा’ हे कोणासाठी? ज्याने ‘कॅबिन’ कधी ऐकलेच नाही, तो कितीही वेळा रेघ सरकवून ताडणार कशाशी? इथे वर्कशीट आपल्याला सोडून देतात आणि आपण बाजाराकडे, एसटी स्टँडकडे वळले पाहिजे. खेड्यातल्या मुलाच्या कानातही शेकड्याने इंग्रजी शब्द आहेत. फोटो, रेडिओ, मोटर, लोकल, टोटल, फायनल, सोडा, बोनस, नोटीस, ड्रायव्हर, मीटर, सुपर, कॉम्प्युटर. यांतल्या प्रत्येकात एक उघडा तुकडा आहे आणि मूल तो बरोबर उच्चारते. त्याला फक्त स्पेलिंग माहीत नाही. पी-एच-ओ ‘फो’, टी-ओ ‘टो’. डी-आर-आय ‘ड्राय’. एम-ई ‘मी’, पुढे ‘टर’. कॉम-प्यू-टर या एका शब्दात बंद, उघडा आणि आर चा (स्वरापुढे आर असलेला) असे तीन प्रकार सापडतात. फळ्यावर दहा मिनिटे याच शब्दाला द्यावीत. बंद तुकड्यांसाठी विकेट, रॉकेट, हेल्मेट, सिग्नल, प्लॅस्टिक, नॅपकिन, पॉकेट. प्रत्येक केंद्राने आपल्या भागातले असे पन्नास शब्द जमवले तर ती यादी कोणत्याही विकतच्या तक्त्याहून सरस ठरेल.

या यादीत सापळेही आहेत, ते आधीच काढून टाकावेत. आपण ‘हॉटेल’ म्हणतो. इंग्रजीत तो हो-टेल, पहिला तुकडा उघडा. मुलाच्या कानाप्रमाणे तो बंद ठरेल. किलो, टॅक्सी, पोलीस यांतला आय ‘ई’ किंवा ‘इ’ म्हणतो, कारण असे शब्द इंग्रजीत बाहेरून आलेले आहेत. आणि आपली नावे! पाठात रवी, मीना, पुणे असे शब्द रोमन लिपीत येतात. एम-आय-एन-ए ला नियम लावला तर मुलगी ‘मायना’ होते, आणि पी-यू-एन-ई चे काय होईल ते न बोललेले बरे. नावे नियमाबाहेर, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

जोड व्यंजनाचा धडा याच ओघात घ्यावा. डी-आय-एन-ई-आर वाचले तर डाय-नर, मध्ये दोन एन असतील तर डिन-नर. एस-यू-पी-ई-आर सू-पर, दोन पी असतील तर सप-र. दुसरे व्यंजन तिथे फक्त दार लावायला उभे असते, त्याचा वेगळा आवाज निघत नाही. मराठीत द्वित्त ऐकू येते. कला आणि कल्ला यांत तेवढाच फरक आहे. म्हणून आपली मुले, आणि मोठेही, ‘हॅप्पी’, ‘सम्मर’, ‘बट्टर’ म्हणतात. कागदावर कापताना रॅब-बिट, तोंडाने ‘रॅबिट’. हे कळलेले मूल पुढे हॉपिंगमध्ये दोन पी आणि होपिंगमध्ये एक का, ते विचारून हैराण होत नाही. एल-ई ने संपणारे शब्दही इथेच बसतात : शेवटून तीन अक्षरे वेगळी काढा आणि उरलेला तुकडा बघा. टे-बल उघडा, बॉट-ल बंद, लिट-ल बंद.

काय घेऊ नये, तेही तितकेच महत्त्वाचे. पहिल्या सहा आठवड्यांत आर असलेले तुकडे (कार, बर्ड) बंद म्हणून देऊ नका. मूल ‘कॅर’ वाचेल, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. शेवटी डब्ल्यू किंवा वाय धरून स्वरांच्या जोड्या होतात ते काऊ, डे, बॉय हेही नकोत. तयार वर्कशीटवर ‘डे’ उघड्यात आणि ‘कार’ बंदमध्ये टाकलेले अनेकदा दिसते. छापील म्हणून विश्वास ठेवू नये. कोल्ड, गोल्ड, ओल्ड; फाइंड, काइंड, माइंड; चाइल्ड, वाइल्ड; मोस्ट, पोस्ट हे बंद असून लांब आवाजाचे शब्द नंतर, कुटुंब म्हणून एकत्र द्यावेत. ‘कॉस्ट’ आणि ‘लॉस्ट’ मात्र नियमातच आहेत. पुट, पुल, फुल, पुश यांत यू ‘उ’ म्हणतो, तेही एक छोटे कुटुंब.

शेवटच्या मुक्या ई चे शब्द उघड्या तुकड्यानंतर. काही कार्यक्रम ते आधी घेतात. आम्हाला ते पटत नाही, कारण ‘मी’, ‘गो’, ‘शी’ मुलाला पहिलीपासून लागतात. आमच्या क्रमात एक धोका आहे : एन-ए-एम-ई दिसले की मूल ने-मी असे दोन उघडे तुकडे पाडते. त्याला हसू नये. चौदाव्या शतकापर्यंत इंग्रज हा शब्द दोन टाळ्यांतच म्हणत, साधारण ‘नाम-अ’ असा. पहिला तुकडा उघडा म्हणून त्याचा स्वर तेराव्या शतकात लांबला, पुढे शेवटचा ई मुका झाला, आणि त्यानंतरच्या शतकांत लांब स्वरांचे आवाज सरकत ‘नाम’चा ‘नेम’ झाला. मुका ई म्हणजे जुन्या उघड्या तुकड्याचा राहिलेला अवशेष. मुलांना हा इतिहास सांगायची गरज नाही, पण शिक्षकाला माहीत असेल तर तो मुक्या ई ला ‘जादूचा ई’ म्हणून मोकळा होणार नाही.

एक मर्यादा शिक्षकांनी लक्षात ठेवावी. उघड्या-बंदचा नियम जोर असलेल्या तुकड्यावर चालतो. जोर नसलेल्या तुकड्यात इंग्रजी स्वर ढिला पडून ‘अ’सारखा होतो. ‘पायलट’चा दुसरा तुकडा ‘लॉट’ न राहता ‘लट’ होतो ते यामुळे. ‘अबाउट’, ‘अगो’, ‘अलोन’ यांचा पहिला ए उघडा असून ‘ए’ म्हणत नाही तेही यामुळे. मराठीत शब्दाच्या एका तुकड्यावर असा ठोक जोर नसतो, त्यामुळे आपल्याला तो ऐकूही येत नाही. तिसरीत याचा धडा नको. मुलाने ‘पाय-लॉट’ वाचले तर ‘जवळ आलास, आता रोज ऐकतोस तसा म्हण’ एवढे पुरे.

तपासणीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. ‘ओपन सिलॅबल म्हणजे काय?’ हा प्रश्न दोन गुणांसाठी विचारला जाऊ लागला की या धड्याचा शेवट झाला असे समजा. व्याख्या सांगणारी आणि ‘टिगर’ वाचणारी मुले तयार होतील. शाळाभेटीत अर्थहीन तुकडे वाचायला द्यावेत, कारण ते पाठ असू शकत नाहीत. पाच बंद : डी-आय-बी, एफ-ओ-एम, एन-यू-पी, व्ही-ई-के, झेड-ए-टी. पाच उघडे : डी-आय, एफ-ओ, एन-यू, व्ही-ई, झेड-ए. क्रम मिसळून, एका मुलाला एक मिनिट. आठ बरोबर आले तर दोन टाळ्यांच्या शब्दांकडे जायला हरकत नाही. चुका कोणत्या स्वरात आहेत ते नोंदवा, गुण नंतर. पाचही बंद बरोबर आणि पाचही उघडे चुकलेले असतील तर त्या वर्गात हा धडा झालेलाच नाही. चुका फक्त ए आणि ई यांत असतील तर वाचन ठीक आहे, ऐकण्याचे काम बाकी आहे.

दीड तासाची मांडणी अशी करता येईल : वीस मिनिटे पाय मोडून व्यंजने आणि सिट–सीट ऐकणे, वीस मिनिटे पट्ट्या स्वतः कापणे, तीस मिनिटे आपल्या भागातल्या शब्दांची यादी आणि त्यांची विभागणी, उरलेल्या वीस मिनिटांत एका शिक्षकाने बाकीच्यांना मुले समजून धडा घेणे. पडद्यावरचे सादरीकरण नसले तरी चालेल; कात्री आणि लाल पेन मात्र हवे. महिन्याभराने पुढच्या परिषदेत प्रत्येक शाळेने दहा मुलांच्या तुकडे-वाचनाची नोंद आणावी. कोणता स्वर कोणत्या भागात अडतो ते त्या नोंदींतून दिसेल, आणि विदर्भातल्या केंद्राची यादी कोकणातल्या केंद्रासारखी असण्याचे कारण नाही.

आपले,
प्राथमिक वर्गांना इंग्रजी वाचन शिकवणारे काही शिक्षक

ता. क. पट्ट्यांवरची अक्षरे मोठ्या लिपीत लिहू नयेत. पुस्तकात मूल छोटी अक्षरे वाचते. पट्टीवर मोठा आय आणि पुस्तकात ठिपक्याचा छोटा आय, यांची गाठ घालण्यात विनाकारण एक आठवडा जातो.